मेमरीच्या पट्टीची खंडेनवमी

माझ्या वयाच्या माणसाला कुणी फोनवर "हॅलो गेमर!" म्हटलं तर त्याने काय उत्तर द्यावं, हे आमच्या वेळच्या डी.एड.ला शिकवलं नव्हतं. मी म्हणालो, "हजर."

पलीकडे एक हसतमुख मुलगी होती. ती हॉर्नफायर नावाच्या कंपनीतून बोलत होती. ही कंपनी कॉम्प्युटरची मेमरी बनवते, आणि शिवाय गेम खेळणाऱ्या तरुणांसाठी चमकणारे कीबोर्ड, चमकणारे माऊस आणि कानाला लावायचे चमकणारे हेडफोनही बनवते. (कानात काय चमकतं ते घालणाऱ्याला कसं दिसणार, हा माझा प्रश्न तसाच राहिला आहे.) कंपनीच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं असतात, गेम खेळणारी आणि अजून न खेळणारी. मी यातला कुठलाच नाही. मी देऊळगाव राजातला निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक. संध्याकाळी माझ्या ओसरीवर चार मुलं येतात, त्यांना मी कॉम्प्युटर शिकवतो. आणि कॉम्प्युटर बंद पडला होता.

तो का बंद पडला, हे त्या मुलीला मी लगेच सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो.

खंडेनवमीला आपल्याकडे ज्याच्या त्याच्या कामाच्या वस्तूची पूजा होते. शेजारच्या रंगरावांच्या ट्रॅक्टरला हार पडतो, सुताराच्या पटाशीला हळद लागते. त्या दिवशी मुलांनीही कॉम्प्युटर पुसून काढला आणि पडद्याला झेंडूची माळ घातली. शहाण्या शिक्षकाने इथेच थांबायला हवं होतं. पण शिकवण्याची खोड जडलेला माणूस पूजेतही धडा शोधतो. मी म्हणालो, "मुलांनो, पडदा हा नुसता तोंड दाखवणारा. आत राबतं कोण? पूजा करायची तर राबणाऱ्याची करा."

आणि मी पेटी उघडून मेमरीची पट्टी बाहेर काढली. दोन बोटं रुंद, वीतभराहून बरीच आखूड. पाटावर ठेवली. प्रतीक्षाने हळद वाहिली, शिवमने कुंकू. फैजान आणि मुबीना ही गनीभाई कापडवाल्यांची नातवंडं, त्यांनी फुलं मांडली. सौभाग्यवती सुभद्राबाई निरांजन घेऊन आल्या. निरांजनात तूप जरा जास्त होतं. अक्षता पडल्या. मी पट्टी परत जागेवर बसवली आणि सगळ्यांना पेढा दिला.

बटण दाबलं तेव्हा पडदा काळाच राहिला आणि आतून एक लांब सूर निघाला, दारात शेपटी अडकलेल्या मांजरासारखा.

आता यात काय जाणार होतं ते सांगतो. या चार मुलांनी पावसाळाभर बसून एक गेम तयार केला होता. नाव 'रोही हाकला'. पडद्यावर तुरीचं वावर, त्यात शिरलेला रोही, म्हणजे नीलगाय. पाढ्यातला प्रश्न येणार. उत्तर बरोबर आलं की रोही एक पाऊल मागे, चुकलं की तुरीचं एक झाड फस्त. ही कल्पना प्रतीक्षाची. सातचा पाढा म्हणायची वेळ आली की या मुलीचं पोट दुखायचं, खरोखर दुखायचं, मी तिला घरी सोडून आलेलो आहे. तिने गेममध्ये सगळ्यात जास्त प्रश्न सातच्या पाढ्याचेच घातले होते. का, असं विचारलं तर म्हणाली, "मले जे येत नाही तेच रोही खाते ना, गुरुजी."

दिवाळीनंतर तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. नावं देऊन झाली होती. गेम कॉम्प्युटरच्या पोटात होता, दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलेला नव्हता. शाळेतल्या कॉम्प्युटरवर निदान नवा करून घेता आला असता, पण त्या खोलीची किल्ली ज्या सरांकडे असते ते प्रशिक्षणाला गेले होते, आणि किल्लीही प्रशिक्षण घेत होती.

बातमी गल्लीभर झाली आणि सल्ले सुरू झाले.

रंगराव आले. त्यांनी पेटीला कान लावला. "गुरुजी, हे एअर घेऊन राह्यलं. डिझेल पंपाचं असंच होते. एक लाथ घाला."

"रंगराव, ही मेमरी आहे."

"मंग हळू घाला."

गनीभाई आले. त्यांच्या नातवंडांचं नुकसान होतं म्हणून ते जास्त गंभीर होते. "मास्तरसाब, माझा मोबाईल टाक्यात पडला होता. तांदळात ठेवला, दुसऱ्या दिवशी टकाटक. पट्टी तांदळात ठेवा."

"गनीभाई, आत तांदूळच गेलाय. अक्षता."

गनीभाईंनी पेटीत डोकावून पाहिलं. "मंग तांदूळ कमी पडला असन."

मी खोडरबर घेऊन पट्टीचे सोनेरी दात घासायला बसलो, तर सुभद्राबाई आडव्या आल्या. "पूजेचं कुंकू असं घासून काढतेत काय? दसरा होऊ द्या."

"अगं, प्रदर्शन आहे मुलांचं."

"अन् मी काय मुलायच्या वाईटावर हाये?"

दसरा झाला. बालाजीच्या यात्रेची गर्दी ओसरली. मी घासलं, पण तूप आणि हळद आत खाचेत जाऊन बसलं होतं आणि मांजराचा सूर कायम राहिला.

पुण्याला मुलगा प्रसेनजित असतो, त्यानेच हा कॉम्प्युटर जोडून दिला होता. त्याला फोन केला. सगळं सांगितलं.

"बाबा. कुंकू. मेमरीला."

"हळद आधी लावली होती."

"मी नवी पट्टी मागवतो. जुन्या जातीची आहे, शोधावी लागेल, पण मिळेल."

इथे माझा स्वाभिमान आडवा आला. पट्टीच्या वेष्टनावर ठळक छापलेलं मला आठवत होतं, 'आजीवन वॉरंटी'. लिहून दिलं ते पाळायचं असतं, हे मी किती पिढ्यांना फळ्यावर लिहून दाखवलंय. आता चार मुलांसमोर मी स्वतःच 'कंपन्या असंच लिहितात' म्हणू? मी म्हणालो, "नको. आजीवन म्हणजे आजीवन."

रंगरावांनी हे ऐकलं आणि त्यांना खरी शंका आली. "कोणाचं आजीवन, गुरुजी? तुमचं का पट्टीचं? पट्टी तं मेली."

असा मी त्या हसतमुख मुलीपर्यंत पोचलो. तिने विचारलं, "सर, आप कौनसा गेम खेलते हैं?" मी म्हणालो, पाढे. तिने ते लिहून घेतलं आणि विचारलं, त्याची कितवी लेव्हल चालू आहे? मी म्हणालो, सातवर अडकलोय. ती म्हणाली, बहुतेक लोक तिथेच अडकतात. मग तिने पट्टीचे दोन्ही बाजूंनी फोटो मागितले.

फोटो मुबीनाने काढले. स्वच्छ आले, हेच चुकलं. उत्तर आलं की पट्टीवर 'बाहेरचा लाल पदार्थ' आढळल्यामुळे दावा नामंजूर करण्यात येत आहे.

'बाहेरचा' हा शब्द मला लागला. मी त्यांना सविस्तर लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, काळजीपूर्वक, परिच्छेद पाडून. हा पदार्थ बाहेरचा नसून घरचा आहे. खंडेनवमी म्हणजे काय, अवजार आणि माणूस यांचं नातं काय, आपल्या मालाला आमच्या घरी देवाच्या शेजारी जागा मिळाली हा कंपनीचा सन्मान कसा होतो, हे सगळं समजावलं. शेवटी मुलांच्या प्रदर्शनाचंही लिहिलं. मुलांना निबंधासाठी नमुना म्हणून द्यावं असं ते पत्र झालं होतं. मिनिटभरात उत्तर आलं, 'तुमच्या उत्साहाबद्दल आभार, गेमर! खेळत राहा!' सोबत दोन डोळे मिचकावणारी चित्रं.

मिनिटभरात ते पत्र कुणीही वाचू शकत नाही. मला ते लिहायला दुपार लागली होती.

शेवटी पट्टी रुमालात बांधून मी जालन्याची एसटी धरली. तिथे कंपनीचं सेवा केंद्र होतं, एका मंगल कार्यालयाच्या माडीवर. खाली लग्न होतं. वरात जिन्याखाली थांबली होती आणि मला वर जाताना बघून कुणीतरी "मामा आले, मामा आले" म्हणून माझ्या डोक्यावर टोपी घातली. ती तशीच घेऊन मी काउंटरला पोचलो.

काउंटरवर काळा टी-शर्ट घातलेला पोरगा होता, छातीवर कंपनीचं चिन्ह, लाल डोळ्यांचं शिंगवालं जनावर. त्याने भिंगातून पट्टी पाहिली, मग नाकाजवळ नेली.

"काका, हे कुंकू आहे."

कुणीतरी ओळखलं! माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. "हो. खंडेनवमीचं."

"आमच्या घरी पण लावतेत. गाडीले. मेमरीले नाही लावत कोणी." त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "आता माझी अडचण बघा. इथं कारण निवडावं लागतं. पाण्यानं खराब, आगीनं खराब, पडून खराब. पूजेनं खराब असं इथं नाही."

"मग 'इतर' नाही का?"

"इतर आहे. पण इतर निवडलं की मुंबईहून फोन येतो, अन् तो मलाच येतो."

खाली बँड सुरू झाला. आम्ही दोघं पडद्याकडे पाहत बसलो. त्याने खूप विचार करून एक ओळ निवडली, बटण दाबलं आणि म्हणाला, "जा काका, काम होऊन जाईल." मी आनंदात उतरलो. टोपी ज्याची त्याला परत केली, आणि तरीही जेवूनच जा म्हणून मला बसवलं. शिरा चांगला होता.

चार दिवसांत कंपनीचं पत्र आलं. 'आपल्या भागातील नैसर्गिक आपत्तीबद्दल वाचून आम्हाला अतीव दुःख झालं. आपण व आपले कुटुंबीय सुरक्षित असाल अशी आशा आहे. आपला दावा मंजूर करण्यात येत आहे.'

हे पत्र मी रंगरावांसमोर मोठ्याने वाचायला नको होतं.

"नैसर्गिक आपत्ती?" ते उभेच राहिले. "आमची सोयाबीन पाण्यात उभी होती तं पंचनाम्याले माणूस आला नाही, अन् तुमच्या पट्टीले घरपोच भरपाई?"

"रंगराव, तसं नाही हो."

"तसं काऊन नाही? तुमी अर्ज कोणाले केला ते सांगा फक्त."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओसरीवर सातबारा घेतलेली माणसं बसली होती. सुभद्राबाईंनी सगळ्यांना चहा दिला, मग बाकीच्यांना दिला, मग साखर संपल्याचं मला जरा मोठ्याने सांगितलं. मी प्रत्येकाला समजावलं की ही कंपनी फक्त मेमरीची भरपाई देते. एक म्हातारबा म्हणाले, "मंग आमाले मेमरी देऊ द्या. इकून टाकू."

आणि माझी पंचाईत वेगळीच. आपत्ती आलेली नव्हती. जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं आणि आता खोट्या पुरात वाहून आलेली पट्टी घ्यायची? मी कंपनीला पुन्हा लिहिलं, की पूर आलेला नाही, आग लागलेली नाही, आपत्ती असेल तर ती मीच आहे. उत्तर आलं, 'धीर धरा, गेमर! आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.' यापुढे खरेपणा कसा करावा, मला सुचलं नाही.

दिवाळी झाली. प्रदर्शन अगदी तोंडावर आलं आणि पार्सल आलं. डब्यावर तेच लाल डोळ्यांचं जनावर. रंगरावांनी डबा हातात घेतला आणि पाहतच राहिले. "हा तं रोही आहे. माझी तूर याच कार्ट्यानं खाल्ली."

चारही मुलं पेटीभोवती ओणवी झाली. आत देखणी पट्टी होती, वीज मिळाली की सात रंगांत चमकणारी. मी ती खाचेवर टेकवली. बसेना. उलटी केली. बसेना. पट्टीतली खाच एका जागी आणि कॉम्प्युटरमधला दात दुसऱ्याच जागी. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, 'तुमचं जुनं मॉडेल बंद झाल्याने आम्ही तुम्हाला नव्या पिढीची मेमरी देत आहोत. अभिनंदन!'

"नवी पिढी जुन्यात बसत नाही," सुभद्राबाई आतून म्हणाल्या. पुण्याहून प्रसेनजित दिवाळीला दीडच दिवस आला होता, त्यावर हे होतं.

मी मान खाली घालून प्रसेनजितला फोन केला, की बाबा रे, तुझीच पट्टी मागव. त्याने 'मी म्हणालो होतो' असं म्हटलं नाही, हे त्याचे उपकार. पण ती पट्टी प्रदर्शन झाल्यावरच पोचणार होती.

मुलांना सांगायचं कसं? मी पुष्कळ प्रस्तावना केली. यश-अपयश, पुढचं वर्ष, अनुभव. प्रतीक्षाने ऐकून घेतलं. तिचा हात पोटावर गेला होता, ते मी पाहिलं. मग ती म्हणाली, "गुरुजी, गेम मशीनमधी आहे. पण तो आमाले पाठ आहे ना."

"मग?"

"मंग आमीच कॉम्प्युटर होतो."

अंगणात खडूने चौकोन आखून झाले. प्रतीक्षा पडदा झाली. ती प्रश्न दाखवणार आणि सांगणारही. मुबीना कीबोर्ड झाली, पाहुण्याचं उत्तर घेऊन आत पळणार. फैजान हिशेब करणारा, उत्तर बरोबर का चूक ते ठरवणारा. शिवमने पोतं पांघरून दोन वाळक्या फांद्या डोक्याला बांधल्या आणि रोही झाला. काम त्याच्या आवडीचं होतं, तो तुरीच्या काड्या खऱ्याच खात होता.

"मेमरी राह्यली," फैजान म्हणाला.

चौघंही माझ्याकडे पाहायला लागली.

मेमरीचं काम असं ठरलं. फैजानच्या जवळ उभं राहायचं. रोही कितव्या चौकोनात आहे, किती झाडं गेली, आत्ताचा प्रश्न कोणता, हे डोक्यात धरून ठेवायचं. विचारलं तरच सांगायचं, नाहीतर तोंड बंद. आयुष्यभर न विचारता सांगत आलेल्या माणसाला ही शिक्षा होती. पहिल्या तालमीत मी शिवमला "नीट उभा राहा" म्हणालो, तर मुबीनाने मला दटावलं. "गुरुजी, मेमरी बोलत नसते."

प्रदर्शनाच्या दिवशी नावनोंदणीच्या टेबलावर बाबूंनी विचारलं, "कॉम्प्युटर कुठाय?"

"आमीच हाव," प्रतीक्षा म्हणाली.

बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं. संगणक विभागात कॉम्प्युटर नसेल तर बसता येत नाही असा नियम होता. त्यांनी आमचं नाव खोडून दुसरीकडे कुठेतरी लिहिलं आणि आम्हाला मैदानाच्या कडेला, ज्वालामुखी आणि ठिबक सिंचन यांच्या मधली जागा दिली. कुठल्या विभागात घातलं ते मी विचारलं नाही. मेमरी बोलत नसते.

गर्दी झाली. रोहीवर हसायला म्हणून पोरं आली आणि पाढे म्हणायला थांबली. ज्वालामुखी तीनदा फुटला, तिकडे कोणी पाहिलं नाही. माझे गुडघे दुखत होते पण मेमरीला बसता येत नाही. मग परीक्षक आल्या, सुचिता मॅडम, विस्तार अधिकारी. त्यांनी पडद्यालाच उलटा प्रश्न केला. "तू सगळ्यांना विचारतेस. तुला विचारलं तर? सातचा पाढा म्हण."

प्रतीक्षाचा हात पोटाकडे गेला. मी न विचारता बोलणारच होतो. मुबीनाने माझ्याकडे असं पाहिलं की मी गिळून टाकलं.

"सात एके सात," प्रतीक्षा म्हणाली. "सात दुणे चौदा." शिवम एकेक पाऊल मागे सरकायला लागला. सात सक बेचाळीसला ती थांबली. शिवमही थांबला, एक पाय वर धरून. मग तिने पोटावरचा हात काढला आणि सात सत्ते, सात अठ्ठे, सात नव्वे, सात दाहे सत्तर अशी एका दमात गेली. रोही ज्वालामुखीच्या टेबलाखाली जाऊन पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

"छान," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "आता मेमरीनं सांगावं. या आधीच्या डावात किती झाडं गेली होती?"

मला काहीही आठवेना. झाडं नाही, चौकोन नाही, आधी कोण खेळलं ते नाही. मी उभा होतो आणि डोक्यात फक्त सात दाहे सत्तर होतं.

"काऊन हो, मेमरी बंद पडली काय?" गर्दीतून रंगरावांचा आवाज आला.

मॅडम हसल्या, पण त्यांनी सोडलं नाही. "मुलांनो, मेमरी म्हणजे काय ते तरी सांगा."

मुबीनाने क्षणभरही विचार केला नाही. "मॅडम, मेमरी म्हणजे आमचे गुरुजी. काम चालू असलं की जवळ उभे राह्यतात, साऱ्यायचं डोक्यात धरून ठेवतात. अन् घरी जाऊन झोपले की सारं इसरून जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पह्यल्यापासून सांगा लागते."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मी हे नीट शिकवायला पावसाळाभर झटलो होतो, चित्रं काढली होती, आणि एकालाही कळलं नव्हतं.

संध्याकाळी निकाल वाचला. संगणक विभागात आमचं नाव नव्हतं. मुलांचे चेहरे पडले. मग ध्वनिक्षेपकावरून आवाज आला, "विभाग, टाकाऊपासून टिकाऊ. प्रथम क्रमांक, 'रोही हाकला'. वापरलेलं साहित्य, फाटकं पोतं, वाळक्या फांद्या, तुरीच्या काड्या, गुरुजी."

साहित्याची यादी शिवमने भरली होती. त्याने मनापासून भरली होती, त्यामुळे मला रागावता येईना. चौघं मंचाकडे धावली, प्रतीक्षा सगळ्यांच्या पुढे. गनीभाई माझा हात दाबून म्हणाले, "मुबारक हो, मास्तरसाब." कशाबद्दल ते त्यांनी सांगितलं नाही.

मी बाबूंना बाजूला घेऊन विचारलं की आता जिल्ह्याच्या प्रदर्शनाला बुलढाण्याला जायचं, तोवर नवी पट्टी आलेली असेल, तर मुलांनी खरा कॉम्प्युटर नेला तर चालेल ना? माझे गुडघे आहेत, म्हटलं.

बाबूंनी नियम काढून दाखवला. जिल्ह्याला तेच साहित्य आणावं लागतं. बदललं तर बाद.